उंदराची शू

"बाई, वाळवंटातला उंदीर पाणीच पीत नाही, मग त्याला शू होते का?"

पैज मैत्रिणींनी लावली होती. वर्गात कधी तोंड न उघडणाऱ्या घुमीने खरंच विचारलं, तेव्हा सगळ्या फिदीफिदी हसल्या. बाई मात्र खूश!

"होते गं, पण थेंबभर आणि घट्ट. कोरड्या बिया खाऊन त्याचं शरीरच पाणी तयार करतं. असं कमावलेलं पाणी तो उधळेल कशाला?"

घुमी हरखलीच. मग तिने प्रश्नांचा असा सपाटा लावला की घंटा झाली तरी बाईंची सुटका होईना.

संध्याकाळी आईबाबांच्या दातांच्या दवाखान्यात, लेक पुढे दातांची डॉक्टर झाली की तिची खुर्ची कुठे मांडायची यावरून दोघांची जुंपली होती.

"भांडू नका," घुमी म्हणाली. "मी दात बघणारच नाही. मी वाळवंटात जाऊन उंदरांची शू तपासणार आहे!"