भरून परत दिलेला वाडगा

तुम्ही माझ्या सासऱ्यांना दंडाला धरून बाहेर काढलंत. गॅलरी तुमची, नियम तुमचे, गार्ड तुमचा, मान्य. पण ज्या दोघांचं प्रदर्शन आहे, त्यांना विचारलंत का? नाही. चौकशी न करताच निकाल दिलात, म्हणून काय झालं ते आता मीच सांगते.

माझे सासरे दादाराव. पंच्याहत्तरीचे, नांदेडकडच्या खेड्यातले, रिटायर्ड मास्तर. इकडे ऑस्ट्रेलियात, आमच्याकडे हॅरिस पार्कला राहायला आलेत. माझा नवरा विवेक आणि मी दोघंही शिफ्टला. फ्लॅटमध्ये कंटाळले की ते चालत तुमच्या गॅलरीत यायचे. फुकट, थंडगार, बसायला बाक.

"चित्रं कळतात का बाबा?" मी चिडवायचे.

"का? पेपर द्यायचाय का मला?"

तिथेच त्यांना युटा आणि कोनराड भेटले. दोघं जर्मन, लाइपझिगचे. एकेकाळी नवरा-बायको होते, आता फक्त प्रदर्शन एकत्र करतात. युटा मातीचे वाडगे घडवते, कोनराड फोटो काढतो. टेबलावर राखाडी वाडगे मांडलेले. कुणीही एक घरी न्यायचा, आठवडाभर वापरायचा आणि परत आणायचा. मग कोनराड त्याचा फोटो काढून भिंतीवर लावणार. वाडगा धुऊन, रिकामा आणायचा, असं कोपऱ्यातल्या पाटीवर बारीक अक्षरात लिहिलेलं. बाबांनी ते वाचलं नाही. त्यांचा चष्मा घरी राहिला होता.

त्या तिघांचं चांगलं जमलं. "तिचं इंग्रजी माझ्याइतकंच मोडकं आहे गं, म्हणून सगळं समजतं," बाबा सांगायचे. "तो म्हणतो दिवा डावीकडे, ती म्हणते उजवीकडे. मी म्हटलं, घरात भांडून पोट भरलं नाही का तुमचं?"

एका दुपारी बाबा वाडगा दोन्ही हातांत धरून घरी आले. आठवडाभर त्यातच वरण-भात खाल्ला. परत द्यायच्या आदल्या दिवशी स्वयंपाकघरात येऊन म्हणाले, "रवा कुठे ठेवतेस?"

"तुम्हाला कशाला हवाय?"

"लाडू करायचेत."

मी हसले. या माणसाने आयुष्यात चहासुद्धा केलेला नाही. ते हसले नाहीत.

"ऐश्वर्या, आमच्या वस्तीत भांडी या घरातून त्या घरात फिरायची. परत जाताना त्यात काहीतरी असायचं, निदान मूठभर मुरमुरे. पण गावातल्या मोठ्या घरांचं भांडं वस्तीत कधी आलं नाही. ते पाणीसुद्धा वरून ओतायचे, ओंजळीत. परक्या घरचं भांडं पहिल्यांदा माझ्या हातात आलंय. ते रिकामं कसं पाठवू?"

मी रव्याचा डबा काढून दिला. पहिला घाणा करपला. दुसऱ्यातला लाडू आमच्या इरावतीने चावून बघितला आणि ओरडली, "आजोबा, टू हार्ड, मेट!" तिसरा जमला. तूप जरा जास्तच झालं होतं.

दुसऱ्या दिवशी बाबांनी भरलेला वाडगा टेबलावर ठेवला. युटाने एक लाडू खाल्ला. कोनराड म्हणाला, डॉक्टरने साखर बंद केलीय, आणि दोन खाल्ले. मग त्याने भरल्या वाडग्याचा फोटो काढला. पुढे होऊन युटाने प्रकाश कुठून घ्यायचा ते सांगितलं, आणि त्याने चक्क ऐकलं.

तेवढ्यात तुमचा माणूस आला आणि सुरू झाला: गॅलरीत खाणं आणलं, झिलई न दिलेल्या मातीत तूप मुरलं, कलाकृती खराब झाली. बाबा सॉरी म्हणाले. युटा ओरडली, "वाडगा माझा, माती माझी, डागही माझा!" तुमच्या माणसाने तिलाच इन्शुरन्स समजावला आणि गार्डला बोलावलं. संध्याकाळी ईमेल: प्रदर्शन संपेपर्यंत दादारावांना प्रवेश नाही. जेवढ्या चपळाईने तुम्ही ते ईमेल पाठवलंत, तेवढ्या चपळाईने माझ्या फोनला उत्तर दिलं असतंत, तर हे लिहायची वेळ आली नसती.

त्याच संध्याकाळी दोघं आमच्या घरी आले. कोनराड जिना चढून धापा टाकत होता. युटाच्या हातात तोच वाडगा, तुपाच्या डागासकट, आणि त्यात मोहरी घातलेली बटाट्याची कोशिंबीर. तिने तो बाबांपुढे केला. बाबांनी तो दोन्ही हातांत घेतला. मग म्हणाले, "बसा. जेवल्याशिवाय जायचं नाही."

भाकरी-ठेचा केला. कोनराडच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी. युटा खूश! "मी सोडून गेले तेव्हाही हा रडला नव्हता," ती म्हणाली. "तेव्हा हे खायला नव्हतं," तो म्हणाला आणि अजून ठेचा वाढून घेतला.

निघताना युटाने विषय काढला. रविवार शेवटचा दिवस. दोघं आपल्या कामाबद्दल बोलणार, सोमवारी विमान. "दादा, तू पहिल्या रांगेत बस. आम्ही त्यांच्याशी भांडू."

"माझ्यासाठी नका भांडू," बाबा म्हणाले. "मी बाहेर बसेन. दार उघडं असलं की ऐकू येतं. शाळेत पहिली दोन वर्षं मी तसाच शिकलो."

विवेकने ते इंग्रजीत सांगितलं. युटाने बाबांचा हात धरला आणि सोडलाच नाही. इरावती आमच्या तोंडांकडे बघत होती. "बट व्हाय आउटसाइड, आजोबा?"

"झोपायची वेळ झाली तुझी," बाबा म्हणाले. मी ताटं उचलायला लागले.

तर साहेब, की मॅडम, जे कोण असाल ते. मातीला डाग पडला, ती माती जिची आहे तिची तक्रार नाही. मग तक्रार नेमकी कुणाची आहे? रविवारी आम्ही बाबांना घेऊन दाराशी येतोय, आणि ते बाहेर बसणार नाहीत. आत घेणार की अडवणार? त्याआधी सांगा. आणि अडवणार असाल, तर माझ्या मुलीला तिच्या प्रश्नाचं उत्तर तुम्ही स्वतः, तिच्यासमोर उभं राहून द्यायचं. देणार?