हुकूम वेगळा, हुरूप वेगळा

मित्रांनो, मी एक जुनी मज्जापेशी आहे. जुनी म्हणा, चालेल. निकामी म्हणालात तर चावेन, कारण चावणं हेच माझं काम.

शिवणकाम करणाऱ्या एका आजींच्या मेंदूच्या देठात मी राहते. माझा लांब धागा थेट जबड्याच्या स्नायूपर्यंत गेला आहे. आजींच्या जन्माआधीच मी तयार झाले आणि एकाहत्तर वर्षांत माझ्या जागी दुसरी कुणी आली नाही. आजी दोरा दातांनीच तोडत. "कात्री शोधेपर्यंत गिऱ्हाईक म्हातारं होईल," म्हणत. मेंदू हुकूम सोडी, मी तो पोचवी, आणि कट्!

पण नुसत्या हुकमानं भागत नाही. मेंदूत न्यूरोपेप्टाइड नावाचे इवलेसे रेणू असतात. त्यातले काही मला हुरूप देतात, मग हळू आलेला हुकूमही मी झेलते. काही मला शांत बसवतात, मग तोच हुकूम कितीही ओरडून आला तरी मी ढिम्म.

यंदा आजींना मोठा ताप आला. तो उतरला, पण जाताना हुरूप घेऊन गेला. आठवडाभर आजी घास नुसता गालात धरून बसत. डॉक्टर म्हणाले, "उद्यापर्यंत खाल्लं नाही, तर नाकातून नळी घालावी लागेल."

सूनबाई डोळे पुसत म्हणाल्या, "जबडाच थकला हो त्यांचा."

मी थकले? मला विचारलं कुणी?

दुपारी आजींच्या धाकट्या जाऊबाई आल्या. उशाशी बसून आजींच्या गाऊनला बटण लावू लागल्या. "ताई, तुम्ही पडून राहा. आता बटणं आम्हीच लावायची," म्हणाल्या, आणि दोरा हातभर लोंबता सोडला.

आजींनी डोळे उघडले. दोरा पाहिला. माझ्याभोवती हुरूप पाझरू लागला. आजींनी गाऊन ओढून घेतला, हुकूम सुटला, आणि कट्.

"बटण लावतेस की झोपाळा टांगतेस?"

जाऊबाई हसल्या नाहीत. त्यांनी लगेच सोबत आणलेला उकडलेल्या गाजराचा तुकडा पुढे केला. आजींनी तो चावून खाल्ला आणि दुसरा मागितला. दुसऱ्या दिवशी नळी आली तशी परत गेली.

"जबडा सुधारला," सूनबाई सगळ्यांना सांगत सुटल्या. मी बिघडले होते कधी?

मित्रांनो, घरातलं कुणी असं गप्प पडलं, तर डॉक्टरांना जरूर दाखवा. पण त्यांच्या हातचं काम त्यांच्या नजरेआड करू नका. ‘खा, खा’ असा हुकूम सगळेच सोडतात. हुरूप द्यायला उशाशी बसावं लागतं.

आणि मला निवृत्त करायला कुणी आलंच, तर बोटं सांभाळून यावं.