ज्ञानू मामाचा चौकोन

क्रांतीनं चौकोन काढला आणि पेन्सिल आडवी धरून तो काळा करायला घेतला. तिसऱ्या वर्षाच्या वर्गात त्या दुपारी पंधराएक मुली आपापल्या घराण्याची वंशावळ मांडून बसल्या होत्या. पुरुष म्हणजे चौकोन, बाई म्हणजे गोल, दोघांमधली आडवी रेघ म्हणजे लग्न, आणि आजारी माणसाचा आकार काळा. मानवी जीवशास्त्राचं हे प्रात्यक्षिक सगळ्यांना आवडलं होतं. ना बेडूक, ना बाटल्यांतला उग्र वास, वर घरच्यांची उणीदुणी काढायला कॉलेजची परवानगी. शेजारच्या बाकावर मोनानं आपल्या पाचही चुलत्यांना टक्कल बहाल केलं होतं आणि ती एकटीच हसत होती.

क्रांतीला हसू येत नव्हतं. तिच्यासमोर पुस्तकाचं एक पान उघडं होतं. त्यावर सहाएक वर्षांच्या मुलाचा पाठमोरा फोटो होता. बाकी अंग किडकिडीत, पण पोटऱ्या मोठ्या माणसाला शोभतील अशा भरलेल्या. खाली लिहिलं होतं की या आजारात स्नायू झिजतात आणि पोटऱ्यांत चरबी साठून त्या दणकट दिसू लागतात. मूल सारखं पडतं, उठताना आपल्याच मांड्यांवर हात टेकत उठतं आणि बारा वर्षांच्या आत त्याचं चालणं थांबतं. आजार होतो मुलग्यांना. तो येतो मात्र आईकडून, आणि त्या आईला स्वतःला बहुधा काहीच होत नाही.

कोडोलीच्या तिच्या घरात ज्ञानू मामाची गोष्ट निघाली की ती पोटऱ्यांपासूनच निघायची. चार वर्षांच्या पोराच्या तसल्या पोटऱ्या बघून सगळी गल्ली खूश झाली होती. मग दूध वाढवलं, रोज तेल लावून पाय रगडले आणि सहाव्या वर्षी त्याला तालमीत नेऊन मातीत उतरवलं. तिथं त्याला धड उभंही राहता येईना, तेव्हा वस्तादांनी पोरगं आळशी आहे असा निकाल दिला. आमच्याकडं पोराचे पाय बघून कुणाला डॉक्टर आठवत नाही, आखाडा आठवतो. ज्ञानू मामा सतराव्या वर्षी गेला. पायातलं वारं गेलं, एवढंच घरात म्हणत.

बाकांमधून फिरत भैरवी मॅडम तिच्यापाशी येऊन थांबल्या.

"हे ज्ञानू कोण?"

"आईचे भाऊ, मॅडम."

"सख्खे?"

"हो."

मॅडमनी उघडं पान पाहिलं, मग तिचा कागद पाहिला. त्यांनी खुर्ची ओढून घेतली नाही, आवाजही बदलला नाही.

"पुण्याचा फॉर्म भरलास ना?"

"भरलाय."

"मग आज घरी जाऊन नीट विचारून ये. ऐकीव गोष्टीवर चौकोन काळा करायचा नसतो."

तो फॉर्म होता जनुकीय समुपदेशनाच्या अभ्यासक्रमाचा. घराण्यातून उतरणारे आजार शोधायचे आणि ते त्या माणसांना समजावून सांगायचे, असं ते काम. वर्गातल्या बाकीच्या मुलींना पॅथॉलॉजी लॅब दिसत होती, नाहीतर औषध कंपनीतली नोकरी. क्रांतीचे वडील हंबीरराव यांना मात्र हे काम काही केल्या उमगलं नव्हतं. "डॉक्टर न्हाय, लॅबवाली न्हाय. नुसतं बोलायचंच काम? ते तर तुझी आई घरात दिवसभर करत्या," असं म्हणून त्यांनी फॉर्मवर सही केली होती.

एसटीत खिडकीची जागा मिळूनही क्रांतीनं बाहेर पाहिलं नाही. ज्ञानू मामा आईचा, आक्काचा भाऊ. म्हणजे दोष आजीकडून आलेला. म्हणजे तो आक्कामध्ये असण्याची शक्यता निम्मी, आणि आक्कामध्ये असला तर क्रांतीत असण्याची पुन्हा निम्मी. परीक्षेत हे गणित तिनं हसत सोडवलं असतं. आता ती घाबरली होती. जोतिबाचा फाटा मागं पडला तरी ती तेच गणित पुन्हा पुन्हा मांडत होती. ज्या बाईत दोष लपलेला असतो तिच्या गोलात मधोमध एक ठिपका देतात. दुपारपासून तिनं आक्काच्या गोलात तो ठिपका दोनदा दिला होता आणि दोनदा खोडला होता. स्वतःच्या गोलाला तर तिनं पेन्सिलही लावली नव्हती.

घरी पोचली तेव्हा आक्का चुलीपुढं भाकरी थापत होती. आईला ती आक्काच म्हणे, सगळं घर म्हणायचं म्हणून. भिंतीला टेकून राजनंदिनी वहिनी गवारीच्या शेंगा मोडत बसली होती. ती क्रांतीच्या थोरल्या मामाची एकुलती मुलगी. क्रांतीच्या भावानं, विजयदादानं, मामाचीच पोरगी केली होती, त्यामुळं तिला ह्या घरात कुणी नवीन म्हणून वागवलंच नव्हतं. तिला आता पाचवा महिना होता.

क्रांतीनं पिशवीही खाली ठेवली नाही.

"आक्का, ज्ञानू मामाला नेमकं काय झालतं?"

"आत्ताच त्येचं काय काढलंस?"

"कॉलेजात लिहून द्यायचं हाय. तुझ्या सख्ख्या भावाचं म्हणून."

"सख्खा कुठला?" आक्का पीठ ओढत म्हणाली. "तुझ्या मामीचा भाऊ त्यो. मामीची आई लवकर गेली. मामी लगीन हून आमच्या घरात आली ती चार वर्साच्या भावाला कडंवर घिऊनच. मग मीच संबाळला त्येला. मलाच आक्का म्हणायचा. भाऊबीजंला मीच ओवाळत हुतो."

"म्हंजे तुझ्या रक्ताचा न्हाय?"

"सख्ख्यापरास जास्त हुता. पर रक्ताचा न्हाय."

क्रांतीचा जीव भांड्यात पडला. मामीच्या भावाला मामाच म्हणतात, आणि एकदा मामा म्हटलं की तो कुणाकडून मामा हे कोण विचारतं? वीस वर्षांत तिनंही विचारलं नव्हतं. तिनं पिशवी खाली टाकली, टोपल्यातली गरम भाकरी मोडून घेतली आणि उभ्या उभ्याच खाल्ली. स्वतःची सुटका झाली की माणसाला आधी भूक लागते.

"लई सोसलं पोरानं," आक्का आपल्याच नादात बोलत होती. "त्येच्या मामाचंबी असंच झालतं म्हणं. त्येंच्या आईकडनंच हाय ते घराण्यात..."

एवढं बोलून ती थांबली आणि तव्यावरची भाकरी तिनं उगाचच दोनदा उलटली. शेंगा मोडल्याचा आवाजही बंद झाला होता. राजनंदिनी ताट घेऊन उठली आणि शेंगा धुवायला परसात गेली.

भाकरीचा घास क्रांतीच्या तोंडात तसाच राहिला. काळा चौकोन कागदावरून पुसला गेला नव्हता. तो फक्त आक्काच्या शेजारून मामीच्या शेजारी सरकला होता, आणि मामीच्या खाली एकच गोल होता.

आतल्या खोलीत जाऊन तिनं नवा कागद घेतला.  सगळे आकार पुन्हा मांडून होईतो दारात राजनंदिनी येऊन उभी राहिली. तिचे हात ओलेच होते.

"ह्यात मी कुठली?"

क्रांतीनं बोट ठेवलं.

"आणि ह्यो?" राजनंदिनीनं पोटावर हात ठेवला.

"अजून काढला न्हाय."

"काढ की."

"मुलगा का मुलगी ठाऊक नसलं की पत्त्यातल्या चौकटसारखा काढत्यात," क्रांती म्हणाली. पण पेन्सिल तिनं उचलली नाही.

राजनंदिनी तिच्या शेजारी हळूच खाली बसली. 

"आईनं मला हळदीच्या दिवशी सांगितलेलं. पोरगा झाला तर त्येच्या पोटऱ्या बघत जा. भरलेल्या दिसल्या तर कुणाला बोलू नको, आधी माझ्याकडं ये."

"दादाला म्हाईत हाय?"

"त्येस्नी काय सांगू? मामंजी रोज म्हणत्यात, घरात पैलवान येणार. मी जोतिबाला जातो ते पोरगा मागायला, असं सगळ्यास्नी वाटतंय." तिचा आवाज अगदी खाली गेला. "मी पोरगी मागतो, क्रांती. पोरीला न्हाय हुत न्हवं ते? पोरगी झाली की सुटलो की न्हाय आपण?"

व्हय म्हणणं सोपं होतं. क्रांतीच्या ओठांवर ते आलंही होतं. थोड्या वेळापूर्वी स्वतःपुरतं सुटून आपण भाकरी खाल्ली, याची तिला लाज वाटली. वहिनी ज्या मुलीसाठी डोंगर चढून जात होती, तिच्या गोलातसुद्धा ठिपका असू शकत होता.

"पोरीला बहुतेक त्रास हुत न्हाय," ती म्हणाली. "पण तिच्या पोटी परत येऊ शकतंय. सुटलो असं न्हाय म्हणता येत वहिनी."

 राजनंदिनीनं पदराचं टोक बोटाला गुंडाळलं आणि सोडलं.

"तुझ्यात ते हाय का न्हाय हेच अजून कुणाला ठाऊक न्हाय," क्रांती घाईघाईनं म्हणाली. "नसंलबी. निम्म्यापेक्षा जास्त शक्यता नसण्याचीच हाय. रक्त तपासून कळतं. मॅडमना विचारतो कुठं करायचं ते. उद्या माझ्यासंगं कोल्हापूरला चल."

"आणि असलं तर?"

"तर पुढचं काय ते डॉक्टरांस्नी विचारू. मी असतो संगं."

"घरात काय सांगायचं?"

क्रांतीनं पाय लांब केले.

"माझं पाय दुखत्यात म्हणून सांगतो. सारखं गोळं येत्यात, दवाखान्यात जायाला सोबत पाहिजे म्हणतो. माझ्या नावावर खपवू."

"जेवाय या गं," म्हणत आक्का दारात आली. हाताला पीठ तसंच होतं. दोघी खाली बसलेल्या आणि मध्ये गोल-चौकोनांचा कागद, हे तिनं पाहिलं. क्रांतीनं कागद उलटा घातला.

"आक्का, उद्या वहिनीला घेऊन कोल्हापूरला जातो. माझं पाय लई दुखाय लागल्यात. दवाखान्यात दाखवून येतो."

आक्कानं क्रांतीच्या पायांकडं पाहिलंसुद्धा नाही. ती राजनंदिनीकडं बघत राहिली. आपल्या भावाची पोर तिनं स्वतः मागणी घालून ह्या घरात आणली होती. राजनंदिनीनं मान वर केली नाही.

"पयल्या गाडीनं जावा," आक्का शेवटी म्हणाली. "ह्यास्नी काय सांगायचं ते मी बघतो."