न केलेला फोन

रुपालीचं पोट दिसायला लागलं, तसा मेहजबीनचा जीव जळायला लागला.

मेहजबीन सरकारी दवाखान्यात एचआयव्हीची औषधं देणाऱ्या विभागात मदतनीस होती. गोळ्या न्यायला जे आले नाहीत, त्यांना फोन करायचं काम तिचं. ती स्वतः त्याच गोळ्या घ्यायची, आणि तिची अकरा वर्षांची सुहानाही. सुहानाच्या वेळी कुणी तपासणीच केली नव्हती. पोर तीन वर्षांची होऊन सारखी आजारी पडायला लागली, तेव्हा दोघींचं कळलं. रुपालीला मात्र तिसऱ्याच महिन्यात कळलं. "रोज गोळी घेतलीस तर बाळाला लागण व्हायचा धोका अगदी थोडा," असं डॉक्टरबाई तिला सांगत होत्या, तेव्हा मेहजबीन शेजारीच उभी होती. हिचंच बरं सगळं वेळेवर!

सातव्या महिन्यात रुपाली आली नाही. मेहजबीनने यादीतल्या बाकी सगळ्यांना फोन लावले, तिला नाही. दुसऱ्या दिवशीही नाही.

त्या संध्याकाळी सुहाना कुरकुरली, "अम्मी, आजच्या दिवस नको ना गोळी."

"एक दिवससुद्धा चुकवायची नाही!" मेहजबीन खेकसली, आणि स्वतःच चपापली.

सकाळी डॉक्टरबाईंना सांगून, गोळ्या घेऊन तिने रुपालीचं हिंजवडीतलं घर गाठलं. रुपालीची सासू वऱ्हाडातून आली होती. तिला आजाराचं माहीत नव्हतं. रुपाली जिन्यात येऊन कुजबुजली, "ताई, त्या पिशव्यासुद्धा उघडून बघतात. बाहेर कशी पडू? शेवटची गोळी परवा घेतली."

"रक्तवाढीच्या गोळ्यांच्या डबीत ठेव." मेहजबीनने गोळ्या दिल्या. तिथून तिचा पाय निघेना. "परवाच फोन करायला हवा होता मी. मुद्दाम नाही केला."

"का?"

"तुझं बाळ यातून सुटेल, माझं नाही सुटलं, म्हणून."

रुपाली वर निघून गेली. पुढे कित्येक महिने ती मेहजबीनशी बोलली नाही, पण गोळ्यांची तारीख चुकवली नाही. मुलगी झाली. नाव हिरा ठेवलं. जन्मल्यापासून काही आठवडे तिला औषध पाजलं.

दीड वर्षाची झाल्यावर शेवटची तपासणी झाली. लागण नव्हती. रुपाली सरळ मेहजबीनच्या टेबलाशी आली आणि पोर तिच्या मांडीवर ठेवत म्हणाली, "धरा, ताई."

पोर चांगली गुटगुटीत होती. आता तरी आतलं निवेल, असं मेहजबीनला वाटलं. निवलं नाही. सुहानाचे त्या वयातले काटकुळे हात डोळ्यांपुढून हलेनात.

"हिरा," तिने हाक मारली. दीड वर्ष तिने ते नाव तोंडात येऊ दिलं नव्हतं.