सत्त्याण्णव डिग्री

"कुणाचा विश्वास बसायचा नाही संयू, पण मी एकदा लॉरी ताकावर चालवलीय," प्रतापराव म्हणाले. "कोलारहून बेंगळूरपर्यंत! इंजिन तापलं, जवळ पाणी नाही, ताक होतं. ओतलं रेडिएटरात. होसकोटे येईपर्यंत आत हे एवढं लोणी! ड्रायव्हरनं भाकरीला लावून खाल्लं."

एरवी या लोण्यावर नात हमखास हसायची. आज संयोगिता काळ्या पडलेल्या स्क्रीनकडे बघत बसली होती. सकाळपासून तिसऱ्यांदा मशीन आपणहून बंद पडलं होतं, आणि तिन्ही वेळा बंद पडण्याआधी कोपऱ्यातला आकडा सत्त्याण्णव डिग्रीवर गेला होता.

"चारला मॅच आहे, ताता. आणि हे दहा मिनिटं चालत नाही."

मॅच म्हणजे काय, हे बेंगळूरच्या चामराजपेटेतल्या त्या घराला कळायला वर्ष लागलं होतं. पडद्यावर पाच जणांची टोळी दुसऱ्या पाच जणांशी लढते. व्हाइटफील्डची एक कंपनी अशी टोळी उभी करत होती. शेवटच्या जागेसाठी दोघी उरल्या होत्या, संयोगिता आणि हैदराबादची कुणी एक. खेळताना मशीन बंद पडलं तर जागा दुसरीला, असा सरळ नियम.

"त्या गुरुदत्तला बोलाव की. त्यानंच जोडून दिलंय ना हे?"

"दसऱ्याला गावी गेलाय. मंगळवारी येतो म्हणाला. प्रोसेसर तापतोय, तोवर उघडू नकोस म्हणाला."

"मग मी उघडतो."

"अय्यो ताता, लॉरी आहे का ती?"

"तापणारं सगळं एकाच जातीचं. आतली उष्णता बाहेर जायला वाट ठेवलेली असते. ती बुजली की यंत्र तापतं. चाळीस वर्षं मी दुसरं काय केलं?"

प्रतापरावांच्या बोलण्यात खरं शोधायचं म्हणजे सांबारात मीठ शोधण्यातलाच प्रकार. पण हे खरं होतं. कलासिपाळ्यात त्यांचं रेडिएटर दुरुस्तीचं दुकान होतं. हात थरथरायला लागला तेव्हा मुलानं, संयोगिताच्या अप्पांनी, ते बंद करायला लावलं. त्याला दोन वर्षं झाली. तेव्हापासून घरात त्यांनी मिक्सरला हात लावला तरी चार तोंडांनी ओरडा व्हायचा.

"स्वल्प बघू तर दे. बघण्यानं काय मरतंय?"

संयोगितानं घड्याळाकडे पाहिलं. साडेदहा.

"सरी, बघा," ती म्हणाली आणि वायर काढली.

स्क्रू ड्रायव्हर दोनदा स्क्रूवरून घसरला. तिनं मदतीला हात पुढे केला आणि मागे घेतला. तिसऱ्या वेळी बसला. बाजूचा पत्रा निघाला. आत प्रोसेसरच्या डोक्यावर पातळ पत्र्यांचा एक ठोकळा आणि त्याला चिकटून पंखा. हा तर बाळरेडिएटरच की, म्हणत प्रतापरावांनी पंखा सोडवला आणि तिथेच थबकले.

पत्र्यांच्या फटी लाल होत्या. वर्षभराची धूळ, आणि तिच्यात घट्ट बसलेलं कुंकू.

ते कुणाचं, हे त्यांना लगेच कळलं. दोन वर्षं त्यांच्या बायकोनं, मालनबाईंनी, या मशीनला डबडं म्हणून हाक मारली होती. 'पोरगी दिवसभर डबड्यापुढं बसते.' पण यंदा दसऱ्याच्या आदल्या दिवशी, आयुधपूजेला, विळी, शिलाईचं मशीन, स्कूटर सगळं पुजून झाल्यावर त्या तबक घेऊन डबड्यापाशी आल्या होत्या. संयोगिता सरावाला महादेवपुराला गेली होती. मालनबाईंनी पुढच्या जाळीला ओली हळद लावली, वर मूठभर कुंकू दाबून भरलं, हात जोडले. नात हसेल म्हणून संध्याकाळी ती यायच्या आत पुसूनही टाकलं. वरचं पुसलं गेलं. आतलं राहिलं, आणि पंख्यांनी ओढून घेतलं.

प्रतापराव दारातून सगळं बघत होते. जाळीतून हवा आत जाते, हे चाळीस वर्षं ज्याला ठाऊक, त्यालाही तेव्हा सुचलं नाही. ते बायकोच्या तोंडाकडे बघत होते.

"काय झालं ताता?"

"काही नाही. धूळ. तो रंगाचा ब्रश आण, नि सायकलचा पंप. आणि हा पंखा बोटानं दाबून धर. वाऱ्यानं गरगरला तर बिघडेल."

तासभर दोघं त्या ठोकळ्याशी झटत होती. खाली पसरलेला पेपर लाल झाला, प्रतापरावांचा बनियन लाल झाला. मग पंखा बसवला, वायर लावली, गेम सुरू केला. आकडा पन्नासवर गेला, साठवर गेला. सत्तरला थांबला. दहा मिनिटं थांबला. अर्धा तास थांबला.

"ताता!" संयोगितानं त्यांचा तो थरथरता हात दोन्ही हातांत धरून हलवला. "ताता, तुम्ही ग्रेट आहात!"

प्रतापरावांना दुकानाचं शटर पुन्हा वर गेल्यासारखं वाटलं.

घाई सरल्यावर तिची नजर त्या लाल पेपरवर गेली. तिनं बोटानं चिमूट उचलली, वास घेतला.

"ही धूळ नाही. कुंकू आहे. आत कुंकू कुणी घातलं?"

मालनबाई कॉफीचे पेले घेऊन दारात आल्या होत्या. तिथेच उभ्या राहिल्या.

"मी," प्रतापराव म्हणाले.

"तुम्ही?"

"आयुधपूजेला. लॉरीला घालायचो तसंच. पहिली चिमूट टाकली तर हे शिंकलं. विश्वास नाही बसायचा तुझा, पण चांगलं खणखणीत शिंकलं! मला वाटलं, प्रसन्न झालं. म्हणून मूठभर घातलं."

संयोगिता हसली नाही.

"माझी जागा गेली असती आज, कळतंय का तुम्हाला? अप्पा म्हणतात ते खरंच आहे. यापुढं घरात कशालाच हात लावू नका." तिनं त्यांच्या हातातून स्क्रू ड्रायव्हर घेतला आणि कपाटाच्या अगदी वर ठेवला.

"सरी सरी. चुकलं बाई." प्रतापराव खाली वाकून पेपरची घडी घालू लागले.

मालनबाईंनी पेले टेबलावर ठेवले.

"खोटं," त्या म्हणाल्या. "बढाया मारा, मी कधी अडवलंय? पण हे साफ खोटं आहे. संयू, कुंकू मी घातलं. विळी पुजली, शिलाईचं मशीन पुजलं... म्हटलं, हेही आपल्या पोरीचं हत्यारच की."