रांगेत लागलात तेव्हाचा भाव

हिकरी बेंड पार्कच्या तिकीट खिडकीवर यायच्या आधी मी सव्वीस वर्षं किराणा दुकानात गल्ल्यावर होते. तिथे एकच कायदा. फळीवर जो भाव लिहिलाय तोच लागायचा. मशीन जास्त दाखवत असेल तर चूक मशीनची. नवरा गेल्यावर घरात बसवेना, म्हणून अठ्ठावन्नाव्या वर्षी पार्कात नोकरी धरली. तीन वर्षांत सहाही खिडक्यांची मुकादम झाले.

पार्क नदीकाठी आहे, इंडियाना राज्याच्या दक्षिण टोकाला. जुना लाकडी रोलर कोस्टर, पाण्यातली घसरगुंडी, आकाशपाळणा. आमच्या भागातल्या तीन पिढ्या इथे भिजल्या, ओकल्या, आणि बऱ्याच जणांची लग्नंही इथल्याच रांगांमध्ये जमली. दोन वर्षांपूर्वी मालकाच्या मुलांनी पार्क विकला. दुसऱ्या राज्यातल्या कंपनीने घेतला. अठ्ठेचाळीस डॉलरचं तिकीट चौसष्ट झालं. लोक कुरकुरले, पण आले.

मग गेल्या वर्षी मे महिन्यात चढता भाव आला.

म्हणजे असं, की सकाळी दार उघडताना तिकीट चौसष्ट. दर काही शे तिकिटं विकली गेली की मशीन आपोआप भाव वाढवायचं. एकोणसत्तर, पंचाहत्तर, एक्याऐंशी. पार्किंगच्या तोंडाशी मोठा दिव्यांचा बोर्ड, त्यावर त्या घडीचा भाव. लोक तो बघायचे, पार्किंगचे तीस डॉलर भरायचे, ते परत मिळत नाहीत, आणि मग आमच्या रांगेत पन्नास मिनिटं उन्हात उभे राहायचे. खिडकीशी पोचेपर्यंत भाव वर गेलेला. फोनवर तिकीट काढायचं म्हटलं तर त्या खोलगट जागेत धड रेंज नाही.

मी मे महिन्यात तीनदा वर लिहून कळवलं. उत्तर म्हणून एक छापील कार्ड आलं. गिऱ्हाईक चिडलं की ते वाचून दाखवायचं.

जूनच्या तिसऱ्या शनिवारी माझ्या खिडकीशी एक माणूस आला. ऑडेल प्रॅदर नाव, घरांची छपरं घालण्याचं काम करतो. मान उन्हाने विटेसारखी लाल. बरोबर बायको, दोन मुली आणि सासू.

"पाच द्या," तो म्हणाला. "चौसष्टची."

"एक्याऐंशी झालंय आता."

तो ओरडला नाही. ओरडणाऱ्यांची मला सवय आहे, ते ओरडून मोकळे होतात. याने खिशातून फोन काढून काचेला लावला.

"बाई, बोर्डावर चौसष्ट होतं. मी त्याचा फोटो काढलाय. सासूबाई म्हणाल्या, काढून ठेव, हे लोक फिरतील."

"म्हणालेच होते मी," सासू मागून म्हणाली.

मी कार्ड उचललं आणि वाचलं. "तिकिटाची किंमत मागणीनुसार बदलते. आपल्या समजूतदारपणाबद्दल आभार."

"परत वाचा," ऑडेल म्हणाला. "जरा हळू. माझ्या धाकटीला कळलं नाही."

मागची रांग हसली. मलाही हसू आलं असतं, पण माझे कान तापले होते. त्याने बायकोकडे बघितलं, ती म्हणाली घेऊन टाक, पोरी पहाटे पाचपासून जाग्या आहेत. त्याने पाकीट काढलं. मी पाचाचा आकडा दाबला आणि त्या क्षणी पडद्यावर एक्याऐंशीचे शहाऐंशी झाले.

त्यालाही ते काचेतून दिसलं.

"आता मी कार्ड बाहेर काढेपर्यंत शंभर होतील का?" त्याने विचारलं. "नाही, विचारतोय आपलं. पळत काढू का?"

या वेळी रांग हसली नाही. मागून कोणीतरी "चोर आहेत सगळे!" म्हणून ओरडलं. शेजारच्या रांगेतल्या एका बाईने काचेवर थाप मारली. गेल्या दोन्ही शनिवारी आम्हाला शेरीफचा पोलीस बोलवावा लागला होता, आणि आज तिसरी पाळी येणार हे मला स्पष्ट दिसत होतं.

मी कार्ड उचललं, दोन तुकडे केले आणि टोपलीत टाकलं.

मशीनमध्ये भावदुरुस्ती नावाचं एक बटण आहे. ते फक्त माझ्या ओळखपत्राने उघडतं. चुकून मोठ्याचं तिकीट लहान मुलाला लागलं तर वापरायचं. त्यात कारण लिहावं लागतं. मी ते उघडलं, चौसष्ट टाकलं, आणि कारण लिहिलं, 'रांगेत उभे होते.'

"तीनशे वीस," मी ऑडेलला सांगितलं.

त्याने पावती दोनदा वाचली. "तुमची नोकरी जाईल, बाई."

"ती माझी काळजी. पोरींना आत न्या. कोस्टरला आत्ता गर्दी कमी आहे."

तीन नंबरच्या खिडकीत एल्डन बसतो. सत्तरीचा आहे, चाळीस वर्षं शाळेची बस चालवलेली, त्यामुळे कशालाच दचकत नाही. मी त्याला मागच्या खोलीत बोलावलं आणि शिक्क्यांचा खण उघडला. बाहेर जाऊन परत आत येणाऱ्यांच्या मनगटावर मारायचे शिक्के. सात वारांचे सात, मासा, बदक, कासव, चांदणी वगैरे. शनिवारचा घुबड असतो. बाकीचे सहा नुसतेच पडून होते.

"रांगेच्या शेपटाला जाऊन उभा राहा," मी म्हटलं. "नवीन माणूस आला की बोर्डावरचा भाव बघायचा आणि त्या भावाचा शिक्का मारायचा. शहाऐंशीला मासा. पुढे चढला की बदक. मी माझ्या ओळखपत्राने सगळ्या खिडक्यांचं बटण उघडून देते आणि त्याप्रमाणे भाव लावायला सांगते."

"आणि आधीच उभे आहेत त्यांचं?"

"त्यांना विचारायचं, बोर्डावर काय बघितलंत. सांगतील ते धरायचं."

"नेल्डा, खोटं बोलतील."

"बोलू देत. बोर्डावर आज चौसष्टच्या खाली काही नव्हतंच."

एल्डनने दाढी खाजवली, शाईची गादी काखेत मारली आणि निघाला. दहा मिनिटांत त्याचा बसवाला आवाज मला खिडकीत ऐकू यायला लागला. "हात पुढे! मनगट वर! बाळाला नको, बाळ फुकट आहे!"

रांगेचा नूर बदलला. भाव तेवढाच होता, काही स्वस्त झालं नव्हतं. पण आता सावलीत जाऊन पाणी पिऊन आलं, पोराला मुतायला नेलं, तरी खिशाला त्याची झळ नव्हती. लोक एकमेकांची मनगटं बघायला लागले. "तुमचा मासा? अरे वा, लवकर उठलात!" लबाडीही झाली. उशिरा आलेल्या एका जाड्या तरुणाने पुढच्या मित्राच्या ओल्या शिक्क्यावर आपलं मनगट दाबलं आणि मासा घेऊन खिडकीशी आला. एल्डन मागूनच आला होता.

"साहेब, तुमचा मासा उलटा पोहतोय," तो म्हणाला. "आमच्या सगळ्या माशांची तोंडं डावीकडे असतात."

अख्खी रांग हसली. तो तरुणही हसला आणि गुपचूप बदकाचे पैसे भरून आत गेला.

साडेअकराला ट्रेव्हर आला. पार्कचा मॅनेजर, एकतीस वर्षांचा, कंपनीने पाठवलेला. वाईट नाही. पण तो हे पार्क पडद्यावर बघतो, आणि पडद्यावर सगळ्या खिडक्यांचे आकडे घसरलेले होते.

"नेल्डा, हे काय चाललंय? तुम्हाला असं करता येत नाही."

"येतंय. बटण आहे."

"ते बटण चुका सुधारण्यासाठी आहे!"

"त्यासाठीच वापरतेय."

"सोमवारी मला वर उत्तर द्यावं लागेल. ताबडतोब थांबवा."

मी उठले आणि खुर्ची त्याच्याकडे ढकलली. "पंधरा मिनिटं बस. मशीन जो भाव दाखवेल तो सांग. नंतर म्हणालास तर थांबवते."

तो बसला. पहिलीच एक आजी आली, बरोबर चार नातवंडं, मनगटावर मासा. ट्रेव्हरने पडद्यावरचा ब्याण्णवचा आकडा बघितला. आजीने मनगट काचेला टेकवलं. ट्रेव्हरने हात माझ्यापुढे केला. मग माझ्याकडे न बघता म्हणाला, "ओळखपत्र द्या तुमचं."

"ब्याण्णव सांग की. थांबवायचंय ना?"

"नेल्डा, द्या!"

तो दोन वाजेपर्यंत तिथे बसला. शिव्या त्यालाही पडल्याच. एकाने सांगितलं की शहाऐंशीत तो पूर्वी बायकोला दोन दिवस समुद्रावर न्यायचा. ट्रेव्हर म्हणाला, "खरंय साहेब, महाग आहे." मी त्याच्या तोंडून हे वाक्य पहिल्यांदा ऐकलं. त्या दिवशी शेरीफच्या पोलिसाला कोणी बोलावलं नाही.

सोमवारी मुख्य कचेरीतून फोन आला. भावाचं खातं बघणाऱ्या बाई, बर्निस. आवाज शांत, थकलेला.

"तुम्ही शनिवारी चारशे बारा वेळा भाव बदललात," त्या म्हणाल्या. "आणि चारशे बारा वेळा एकच कारण लिहिलंय."

"चारशे बारा वेळा तेच घडलं."

"कंपनीचे साडेचौदा हजार डॉलर गेलेत."

"बोर्डावर एक भाव दाखवायचा आणि खिडकीत दुसरा लावायचा, हे मी किराणा दुकानात केलं असतं तर मालकाने मला हाकललं असतं. कंपनीला शंभर डॉलर लावायचे असतील तर लावा. सकाळी बोर्डावर शंभर लिहा. ज्याला परवडेल तो येईल, बाकीचे गाडी वळवून घरी जातील. पण माणसाला तीस डॉलर भरून आत घेऊन, तापवून, मग भाव वाढवू नका."

 मग बाईंनी मला सांगितलं की चौकशी होईपर्यंत दोन आठवडे बिनपगारी घरी बसायचं. मी म्हटलं, ठीक आहे. भीती वाटली का? थोडी वाटली. घराचं छप्पर स्वतःचं होतं, पोटापुरतं पेन्शन होतं. पण खरं सांगायचं तर त्या शनिवारी मला जितकी गाढ झोप लागली तितकी बऱ्याच वर्षांत लागली नव्हती.

पुढच्या शनिवारी मी परसात घेवड्याला काठ्या बांधत होते. साडेदहाला ट्रेव्हरचा फोन. मागे इतका कल्ला, की आधी मला वाटलं कोस्टरच पडला.

"नेल्डा, लोक मनगटं दाखवताहेत."

"म्हणजे?"

"शिक्का मागताहेत. गेल्या वेळेला ज्यांना मिळाला त्यांनी सगळ्या जिल्ह्यात सांगितलंय. मी म्हटलं तसं काही नसतं, तर म्हणतात आम्ही खिडकी सोडत नाही. सहाही रांगा बसल्यात. जमिनीवर! एक जण बाजा वाजवतोय!"

"मग?"

"तुम्ही या ना."

"मला घरी बसवलंय तुम्ही लोकांनी. बसलेय मी."

"नेल्डा, प्लीज."

"बर्निसबाईंना फोन लाव. हा आवाज त्यांना ऐकव. त्यांनी लेखी पाठवलं, की सकाळचा भाव दिवसभर, तर येते. नाहीतर घेवडा बराच बांधायचा राहिलाय."

चाळीस मिनिटांनी फोनवर संदेश आला. एकच ओळ होती, खाली बर्निसबाईंचं नाव. आजचा सकाळचा भाव संध्याकाळपर्यंत कायम. मी हात धुतले, गणवेश चढवला आणि गाडी काढली. दारातून आत शिरताना रांगेतल्या लोकांनी टाळ्या वाजवल्या. एल्डनने हात वर करून त्यांना गप्प केलं. "हिला चढवू नका, आधीच खूप शेफारलीये."

जुलै संपेपर्यंत तो नियम कायमचा झाला. दर वाराचा आपला एक भाव, तोही आठवडाभर आधी बोर्डावर. पगार कापलेला परत मिळाला. बर्निसबाई ऑगस्टमध्ये स्वतः आल्या, माझ्या खिडकीत दोन तास बसल्या, जाताना म्हणाल्या, शनिवारची गर्दी थोडी कमी झाली आणि मंगळवारची बरीच वाढली, एकूण गल्ला आहे तिथेच आहे. यात माझं कौतुक होतं की तक्रार, कळलं नाही. मी विचारलं नाही.

भाव काही उतरले नाहीत. या वर्षी शनिवारचं तिकीट सत्त्याण्णव आहे. मला ते जास्त वाटतं आणि कोणी विचारलं तर मी तसं सांगते. काल एक तरुण जोडपं आलं, कडेवर पोर. बाईने बोर्ड वाचला, नवऱ्याकडे बघितलं.

"बाई, एवढं कसलं हो यात?" तिने मला विचारलं.

"एवढं काही नाही," मी म्हटलं. "मंगळवारी एकसष्ट आहे. तेच पाळणे, तेच पाणी, आणि निम्मी गर्दी."

"मंगळवारी याला सुट्टी मिळेल का पण?"

नवऱ्याने खांदे उडवले. "आजारी पडतो मी."

"चांगलं खोकून दाखवा साहेबांना," मी म्हटलं आणि पुढच्याला हाक मारली.