फीत धरणारा हात

“आत्या, आता शेवटची पाच मिनिटं नीट ऐक,” म्हणत भाच्यानं तिच्या कानांवर हेडफोन चढवला. ती गणवेशांच्या कारखान्यातून परस्पर त्याच्या स्टुडिओत आली होती. बाहीला अजून दोरे चिकटलेले होते.

चाळीस वर्षांपूर्वी तिच्या भावानं घराच्या मागच्या खोलीत केलेला अल्बम रीमास्टर होऊन, म्हणजे आवाज साफसूफ होऊन, पुन्हा निघणार होता. ना शब्द, ना ठेका, नुसते यंत्राचे लांबलचक सूर. आई म्हणायची, फ्रीज बिघडला की असाच वाजतो. पण लोकांनी तो डोक्यावर घेतला. त्यातही शेवट, जिथं सूर थरथरायला लागतो. जाणकारांनी त्या थरथरीवर पानंच्या पानं लिहिली.

ती थरथर तिच्या हाताची होती. भावानं टेपच्या फितीची टोकं जोडून मोठं कडं केलं होतं. ते यंत्रातून निघून खिडकीपाशी तिनं धरलेल्या पेन्सिलीला वळसा घालून परत जायचं. खुर्चीच्या पाठीला फीत अडकत होती, म्हणून सतरा वर्षांच्या बहिणीला उभं केलं. “खांब हो,” तो म्हणाला. पस्तीस मिनिटं ती खांब झाली. मग हात भरून आला आणि फीत सैल-ताठ होऊ लागली. पुन्हा करू म्हणाली, तर भाऊ ऐकतच बसला. “राहू दे,” म्हणाला, “हेच खरं झालंय.”

पुढं सगळा जन्म शिलाई मारण्यात गेला. लग्नाचं जमता जमता राहिलं. एक टीप कधी वाकडी गेली नाही, आणि लोकांनी वाखाणलं ते तेवढं एकच वाकडं. ते कुणाचं, हे ठाऊक असलेला भाऊही गेल्या वर्षी गेला.

शेवट आला आणि संपला. सूर इस्त्री केल्यासारखा सरळ होता.

“इथं जरा हलायचं ना रे?”

“तीच तर चूक होती, लोक काही का लिहेनात. दोन महिने खपलोय त्यावर.”

“आणि जुनं?”

“मूळ फितीवरचा थर उतरवून घेतानाच झडला, आणि जुन्या कॅसेटी केव्हाच खराब झाल्या. आता सगळीकडे हेच राहणार.”

आपण होतो याची तेवढीच खूण होती, आणि ती सख्ख्या भाच्यानं पुसली. तिला ओरडावंसं वाटलं. पण बाप गेल्यापासून पोरगं पहिल्यांदाच इतकं खुललं होतं. त्यावर विरजण घालायला तिची जीभ रेटेना.

त्यानं नवं कव्हर पुढं केलं. बापाच्या वहीत सापडलं म्हणून मागच्या बाजूला मुद्दाम छापून घेतलं होतं : ‘फीत धरणारा हात – बहीण’.

“खूश ना, आत्या?”

“खूप,” ती म्हणाली. “शेवट पुन्हा एकदा लाव.”

डोळे मिटताच तिचा उजवा हात आपोआप पुढं आला, बोटं पेन्सिल धरल्यासारखी. मिनिटाभरातच तो थरथरायला लागला. सूर जागचा हलला नाही.